पहिल्यांदाच टीम सांभाळताय? आधी काम सोपवायला शिका

टीम लीड झाल्यावर सुरुवातीच्या महिन्यात हमखास होणारी चूक म्हणजे जुनं काम हातातून न सुटणं. काम चोख येतं म्हणूनच बढती मिळालेली असते, त्यामुळे हात शिवशिवतात. कुणी अडलं की "दे इकडे, मी करतो" हे तोंडून निघून जातं. काम दहा मिनिटांत होतं खरं, पण पुढच्या वेळी ते पुन्हा तुमच्याच टेबलावर येतं.

कुर्ट लेविन, रोनाल्ड लिपिट आणि राल्फ व्हाइट या मानसशास्त्रज्ञांनी १९३०च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत शाळकरी मुलांच्या गटांवर प्रयोग केले. हुकूम सोडणारा म्होरक्या खोलीबाहेर गेला की मुलांचं काम मंदावायचं. ठरवताना मुलांना सामील करून घेणारा बाहेर गेला, तरी काम बरंचसं चालू राहायचं. म्हणून नेता पारखायचा तर तो खोलीत नसताना.

"तो अहवाल जरा बघून घे" याला सोपवणं म्हणत नाहीत, ते ढकलणं झालं. बघून घे म्हणजे शुद्धलेखन तपासायचं, आकडे जुळवायचे की सगळाच नव्याने लिहायचा? त्याऐवजी असं सांगा: "गुरुवारी चारपर्यंत अहवालातले आकडे मूळ नोंदींशी ताडून दे. मांडणी तुला हवी तशी बदल. आकड्यांत फरक निघाला तर स्वतः दुरुस्त करू नकोस, मला लगेच सांग." मुदत, काम कुठे संपतं, कोणता निर्णय त्याचा आणि कुठे थांबून विचारायचं, सगळं यात आलं. शेवटी "समजलं ना?" विचारू नका, उत्तर "हो"च येतं. "सुरुवात कुठून करशील?" विचारा. गैरसमज असेल तर तिथेच उघडा पडतो.

दहा दिवसांचं काम असेल तर पहिली नजर तिसऱ्या दिवशी टाका, कच्चं काहीतरी तयार असताना. तेव्हा दिशा बदलायला तासभर पुरतो. नवव्या दिवशी चूक सापडली तर सगळं उसवावं लागतं आणि माणूसही खचतो. दर दोन तासांनी "कुठवर आलं?" विचारणंही तितकंच वाईट. नवख्यावर जवळून लक्ष ठेवा, मुरलेल्याला मोकळं सोडा. मात्र मुरलेला माणूससुद्धा अगदी नव्या प्रकारच्या कामात नवखाच असतो, आणि हे विसरल्यामुळेच चांगल्या माणसांच्या हातून मोठी कामं बिघडतात.

"तुम्ही दोघं मिळून बघा" हे टाळा. मदतीला कितीही जण द्या, पण जबाबदार म्हणून नाव एकाचंच.

प्रत्येकाशी पंधरवड्यातून एकदा, अर्धा तास, समोरासमोर बोला. त्यातली पहिली वीस मिनिटं त्याची. "काही अडचण?" या प्रश्नाला "नाही, सगळं ठीक" एवढंच उत्तर मिळतं. "गेल्या आठवड्यात कशाची वाट बघण्यात वेळ गेला?" असं विचारलं की अडलेली मंजुरी, न आलेली माहिती, दुसऱ्या विभागाशी चाललेली खेचाखेच, सगळं बाहेर पडतं.

वाईट बातमी ऐकल्यावरचं तुमचं पहिलं वाक्य सांभाळा. टीमच्या कामाचा अभ्यास करणाऱ्या संशोधक एमी एडमंडसन यांना रुग्णालयांतल्या औषधांच्या चुका अभ्यासताना चक्रावणारी गोष्ट दिसली: चांगल्या टीममध्ये चुकांची नोंद जास्त होती. कारण तिथे लोक चुका उघड बोलत होते, हा त्यांचा निष्कर्ष. तुम्ही एकदा जरी "हे आत्ता सांगतोस?" म्हणून खेकसलात, तर पुढची बातमी आणखी उशिरा येईल. आधी "बरं केलंस सांगितलंस", मग "आत्ता काय वाचवता येईल?" आणि चूक का झाली हे दुसऱ्या दिवशी, डोकं थंड झाल्यावर.

दोनेक महिन्यांनी एक दिवस रजा घ्या आणि फोन बंद ठेवा. परतल्यावर कोणकोणती कामं तुमच्यासाठी खोळंबली ते लिहून काढा. त्यातले नियमित निर्णय कुणाकडे, किती मर्यादेपर्यंत द्यायचे ते त्याच आठवड्यात ठरवा आणि सगळ्या टीमसमोर सांगा, नाहीतर लोक सवयीने तुमच्याकडेच येत राहतील.