घरगुती मसाल्याचा धंदा भक्कम कसा करावा: आधी गळती शोधा, मग विक्री वाढवा

मार्च उजाडला की कोल्हापुरात गच्च्यांवर मिरच्या पसरलेल्या दिसतात आणि कांडप गिरण्यांपुढे डब्यांच्या रांगा लागतात. घरापुरता मसाला करता करता शेजारपाजारच्या चार ऑर्डरी घेणं आणि त्यातून धंदा उभा राहणं, ही इथल्या कित्येक घरांची गोष्ट आहे. अशा छोट्या व्यवसायांचे हिशेब लिहिणं हे माझं काम. वह्या घेऊन येणाऱ्यांचा पहिला प्रश्न बहुतेक वेळा एकच असतो: विक्री कशी वाढवू?

माझं म्हणणं असं, की तो प्रश्न तिसरा किंवा चौथा आहे. किलोमागे पैसे जात असतील, तर दुप्पट विकल्यावर दुप्पट जातील. म्हणून खाली जो क्रम दिला आहे तो उलटा करू नका. उदाहरण कांदा-लसूण मसाल्याचं घेतलं आहे, पण पापड, लोणची, चकली, पोळीभाजी, काहीही करत असाल तरी आकडे बदलतील, रीत तीच.

पहिलं काम: महिनाभर रोजमेळ लिहा

शंभर पानी वही पुरे. डाव्या बाजूला आलेले पैसे, उजव्या बाजूला गेलेले, रोज रात्री. मोबाइलवर लिहिणार असाल तर तेही चालेल, पण रोज. रिक्षाचे 60 रुपये, गिरणीवाल्याच्या पोऱ्याला चहाचे 20, फाटलेली पाकिटं, चवीला म्हणून वाटलेला पाव किलो मसाला, सगळं लिहायचं. "एवढं काय लिहायचं" असं ज्याबद्दल वाटेल, ते आधी लिहा.

त्याच दिवसापासून घराचा आणि धंद्याचा खिसा वेगळा करा. बँकेत दुसरं खातं उघडा आणि क्यूआर कोड त्याच खात्याचा लावा. बहुतेक ठिकाणी मी पाहतो ते असं: मसाल्याचे पैसे नवऱ्याच्या यूपीआयवर येतात, त्यातून पोराची फी जाते, गॅस सिलिंडर येतो आणि महिनाअखेरीला मिरची घ्यायला पैसे नसतात. मग मसाला चालत नाही असा समज होतो. मसाला चालतोय, गल्ला घर चालवतोय. घरासाठी पैसे घ्याच, पण ठरलेल्या तारखेला, ठरलेली रक्कम, पगार म्हणून.

दुसरं काम: एका किलोचा खरा खर्च काढा

इथे घाई करू नका. हे एक काम नीट झालं की पुढची निम्मी कामं आपोआप सोपी होतात.

समजा एका खेपेला 10 किलो मिरची घेतली. रंगाला ब्याडगी, तिखटपणाला लवंगी, चवीला संकेश्वरी, अशी मिसळ सरासरी 300 रुपये किलोने पडली. झाले 3,000. खोबरं, धने, तीळ, खडा मसाला, कांदा, लसूण, तेल, मीठ मिळून 2,000. एकूण 5,000 रुपये. देठ खुडून आणि ऊन देऊन मिरची साडेआठ किलोवर येते, कांदा-लसूण भाजून आटतो, कांडताना थोडं उडतं. ही सगळी तूट जाऊन हातात 15 किलो मसाला आला असं धरू. म्हणजे किलोला 333 रुपये. विकता 500 ला. वरकरणी किलोमागे 167 रुपये सुटले.

आता वहीतले राहिलेले आकडे घ्या. कांडप किलोला 40 रुपयांनी 600. गॅस 200. अर्ध्या किलोची 30 पाकिटं, लेबलसकट 9 रुपयांनी 270. जाण्यायेण्याचे 180. देठ खुडायला आणि भाजायला मदतीला येणाऱ्या बाईचे दोन दिवसांचे 800. बेरीज 2,050. खर्च झाला 7,050, म्हणजे किलोला 470. सुटले फक्त 30.

आणि तुमची मजुरी? तुम्हीही दोन दिवस राबलात. पंधरा किलोवर 30 रुपयांप्रमाणे 450 रुपये मिळाले, म्हणजे मदतनीस बाईला 800 आणि मालकीणबाईंना 450. स्वतःचे दिवसाला फक्त 500 धरले, तरी किलोचा खर्च 537 होतो आणि 500 ला विकताना प्रत्येक किलोमागे 37 रुपये पदरचे जातात. "घरचंच तर काम आहे" म्हणून ही मजुरी बहुतेकजणी धरत नाहीत. उद्या हात दुखावला आणि कुणाला पगारावर ठेवावं लागलं की हा आकडा एकदम अंगावर येतो.

तुमचे भाव, तुमची तूट वेगळी असेल. वजनकाटा घ्या, एका खेपेला सुरुवातीला आणि शेवटी वजन करा. अंदाजाने तूट धरणारा माणूस मी अजून बरोबर आलेला पाहिलेला नाही.

तिसरं काम: भाव ठरवा, आणि तो सांगायला लाजू नका

शेजारणीचा भाव बघून आपला भाव लावू नका, तिने कदाचित खर्च काढलेलाच नसेल. आपल्या 537 वर उभं राहून विचार करा.

घरून थेट विकता तेव्हा पूर्ण पैसे हातात येतात. दुकानात ठेवता तेव्हा दुकानदार आपला हिस्सा घेतो. तो छापील किमतीच्या 20 टक्के असला, तर 700 छापलेल्या किलोमागे तुमच्याकडे 560 येतात. नफा 23 रुपये. एवढ्यासाठी दुकानदाराचे उंबरे झिजवायचे का, हा प्रश्न स्वतःला विचारा.

त्यावर एक उपाय म्हणजे दुकानासाठी पाकीट लहान करणं. 200 ग्रॅमचं पाकीट 160 रुपयांना लावलं तर किलोचे 800 होतात, दुकानदाराचा हिस्सा जाऊन 640. पाकिटांचा खर्च थोडा वाढतो: 6 रुपयांची पाच पाकिटं, म्हणजे अर्ध्या किलोच्या दोन पाकिटांपेक्षा किलोमागे 12 रुपये जास्त. तरी 90 च्या आसपास सुटतात. गिऱ्हाईकालाही 160 रुपये देऊन चव बघणं सोपं जातं. किलो-दोन किलोवाले जुने गिऱ्हाईक मात्र घरीच येऊ देत.

भाव वाढवायचा तर नव्या मिरचीच्या हंगामाला वाढवा, मधेच नको. व्हॉट्सअॅपवर आठ दिवस आधी साधा निरोप टाका: यंदा नव्या मिरचीचा मसाला अमुक भावाने, अमुक तारखेपर्यंत नोंदणी. भाव तोच ठेवून ब्याडगी कमी करायची आणि रंगाची कसर भलत्या मार्गाने भरून काढायची, या वाटेला जाऊ नका. कोल्हापुरात जिभा तयार आहेत, पहिल्याच रश्शात ओळखतात.

चौथं काम: उधारी वसूल करा

वहीत कितीही नफा दिसू दे, तो दुकानदाराकडे अडकला असेल तर त्यातून मिरची येत नाही. वरचाच हिशेब पुढे नेऊ. अर्ध्या किलोच्या पाकिटातला 40 किलो मसाला दुकानांत दिला, 22,400 रुपये येणं आहे. ते आले नाहीत म्हणून तेवढेच पैसे तुम्ही महिना शेकडा तीनने उचलले. दोन महिन्यांचं व्याज 1,344. त्या 40 किलोंवरचा तुमचा नफा 920. माल विकून तुम्ही सावकाराला पोसलंत.

एका कागदावर सगळ्या उधाऱ्या तीन रकान्यांत मांडा: पंधरा दिवसांच्या आतल्या, दीड महिन्यापर्यंतच्या, त्याहून जुन्या. तिसऱ्या रकान्यातल्यांना नवीन माल बंद. भांडण नको, "मागचं मिटवा, आजच माल देते" एवढंच. इतरांसाठी मागचं बिल दिल्याशिवाय पुढचा माल नाही, हा नियम पहिल्याच दिवशी सांगून टाका. दोन-तीन दुकानं तुटतील. बहुधा तीच तुटतील, जी पैसेही देत नव्हती.

हॉटेल, कँटीन, केटरर अशा मोठ्या गिऱ्हाइकांसाठी एक हत्यार आहे, ते फार थोड्यांना माहीत असतं. 2006 च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्यानुसार नोंदणी असलेल्या सूक्ष्म किंवा लघु उत्पादकाचे पैसे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त 45 दिवसांत, करार नसेल तर 15 दिवसांत द्यावे लागतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज लागतं. तक्रार सरकारी पोर्टलवर ऑनलाइन करता येते. शिवाय 2023-24 पासून वेळेत न दिलेली अशी रक्कम खरेदीदाराला त्या वर्षी आयकरात खर्च म्हणून दाखवता येत नाही, त्यामुळे मोठ्या हॉटेलचा हिशेबनीस मार्चमध्ये स्वतःहून फोन करतो. बिलावर आपला उद्यम क्रमांक, म्हणजे छोट्या उद्योगांच्या सरकारी नोंदणीचा क्रमांक, छापलेला असला की झालं. ही सोय नुसता व्यापार करणाऱ्याला नाही, माल बनवणाऱ्याला आणि सेवा देणाऱ्याला आहे. कोपऱ्यावरच्या किराणावाल्यावर मात्र कायदा काढू नका, तिथे तोंडी गोडी आणि माल बंद करणं हेच कामाला येतं.

पाचवं काम: मिरचीत पैसे किती गुंतवायचे?

हंगामात मिरची स्वस्त असते म्हणून वर्षाची भरून ठेवण्याचा मोह होतो. पुढे भाव चढतो, पण दर वर्षी नाही. आणि तोवर सगळं भांडवल पोत्यात बसतं. माझा सल्ला असा: फेब्रुवारीत आगाऊ नोंदणी घ्या, निम्मे पैसे तेव्हाच. जुनं गिऱ्हाईक देतं, विचारून तर बघा. तेवढ्या ऑर्डरीची मिरची घ्या, वर दोन-तीन महिन्यांची सोय करा, बस्स.

मिरची अख्खी ठेवा, मसाला लागेल तसा कांडा. कांडलेल्या मसाल्याचा रंग उतरतो आणि खोबरं-तेल असल्यामुळे तो खवट होऊ शकतो. पावसाळ्यात मिरचीला ओल लागली तर बुरशी येते, म्हणून मृगाआधी कडक ऊन दाखवून हवाबंद डबे भरा.

याच वेळी आपल्या मालाची यादीही छाटा. शेंगदाणा, तीळ, जवस, कारळं, लसूण, कढीपत्ता अशा आठ चटण्या ठेवल्या की दुकान भरल्यासारखं दिसतं. वही बघा, दोनच चालत असतील. बाकीच्या फक्त ऑर्डरीवर.

सहावं काम: कागदपत्रं

उद्यम नोंदणी ऑनलाइन आणि फुकट आहे, आधार आणि पॅन लागतं. त्यासाठी हजार-दोन हजार मागणाऱ्या खासगी वेबसाइट खऱ्यासारख्याच दिसतात, सरकारी पत्ताच वापरा. नोंदणी आधी, उधारीवर माल नंतर, हा क्रम पाळा. खाद्यपदार्थ आहे म्हणून एफएसएसएआयची, म्हणजे केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाची, नोंदणी हवीच, तिचा 14 अंकी क्रमांक पाकिटावर येतो. पाकिटावर घटक, निव्वळ वजन, सर्व करांसह किंमत, उत्पादनाची तारीख, कधीपर्यंत वापरावं, बॅच क्रमांक, नाव-पत्ता, तक्रारीसाठी फोन आणि शाकाहाराचं हिरवं चिन्ह असू द्या. लेबल छापणाऱ्याला हे सगळं ठाऊक असेलच असं समजू नका.

जीएसटीचं एक कलम आमच्या भागात हमखास नडतं. महाराष्ट्रात माल विकणाऱ्याला 40 लाखांच्या उलाढालीपर्यंत नोंदणी लागत नाही, हे सगळ्यांना माहीत आहे. पण करपात्र माल दुसऱ्या राज्यात विकला तर उलाढाल कितीही असो, नोंदणी लागते. निपाणी आम्हाला घरासारखी, बेळगावात निम्मे पाहुणे, गोव्यात लेक दिलेली, पण कायद्याच्या लेखी ती दुसरी राज्यं. तिथल्या दुकानात माल ठेवण्याआधी कर सल्लागाराला विचारा.

शेवटी कर्ज

कर्जाचा विषय मुद्दाम शेवटी घेतला. मुद्रा योजनेत तारणाशिवाय कर्ज मिळतं: शिशु गटात 50 हजारांपर्यंत, किशोरमध्ये 5 लाख, तरुणमध्ये 10 लाखांपर्यंत. बचत गटात असाल तर तिथला दर सावकारापेक्षा नक्कीच बरा. अनुदानाच्या योजनांसाठी जिल्हा उद्योग केंद्रात स्वतः जाऊन बसा, एजंटाकडे नको. कुठेही गेलात तरी बँकेला दाखवायला सहा महिन्यांचा रोजमेळ आणि वेगळ्या खात्याचा उतारा असला की बोलणं लवकर संपतं.

पण कर्ज कशासाठी? बहुतेकांना पहिल्यांदा स्वतःचं कांडप यंत्र घ्यायचं असतं. हिशेब करून बघा. वर्षाला 600 किलो मसाला करता, कांडपाला 40 रुपये किलोने 24,000 जातात. समजा यंत्र, वीजजोडणी आणि शेड मिळून दीड लाख लागले आणि तीन वर्षांच्या कर्जाचा हप्ता महिन्याला 5,000 आला, तर वर्षाला 60,000 झाले, वर विजेचं बिल. दुसऱ्यांचं कांडप घेऊन यंत्र चालवणार असाल तर तो वेगळा धंदा आहे, त्याचा वेगळा हिशेब मांडा. फक्त आपल्यासाठी घ्यायचं, तर वर्षाला दीड हजार किलो झाल्यावर हप्त्यापुरतं भागतं. तोवर गिरणीवाल्याशी हंगामाआधीच बोला, सकाळची पहिली पाळी आणि ठरावीक किलोंची हमी देऊन दर 40 चा 35 करून घ्या. सहाशे किलोवर 3,000 रुपये वाचतील, एक रुपयाही कर्ज न काढता.