सोलो आधी गळ्यात, मग बोटांत

बेळगाव, खानापूर, निपाणीकडे गिटारकडे वळणाऱ्या अनेकांच्या कानावर आधी पेटी आणि भजन पडलेलं असतं. हे भांडवल मोठं आहे, पण टॅब (कोणती तार कुठे दाबायची हे आकड्यांत लिहिलेला कागद) समोर आला की ते विसरलं जातं. टॅब बेंडवर, म्हणजे तार ओढून सूर चढवण्यावर, ‘फुल’ (पूर्ण एक स्वर) लिहून मोकळा होतो. सूर किती सावकाश चढतो, वर किती रेंगाळतो, हे कानानंच घ्यावं लागतं.

पहिल्यांदा पिंक फ्लॉइड या रॉक बँडच्या ‘कम्फर्टेबली नम’चा (१९७९) शेवटचा सोलो (गाण्यातला एकट्या गिटारचा तुकडा) घ्या, तोही सुरुवातीच्या तीन-चार ओळींपुरताच. गिटारवादक डेव्हिड गिल्मोर. सूर बी मायनर पेंटाटॉनिकचे, म्हणजे पाच सुरांच्या सप्तकाचे; बोटांची मुख्य चौकट सातव्या फ्रेटपासून (फ्रेट म्हणजे गिटारच्या मानेवरची आडवी पट्टी). पेटीवर पांढरी सात षड्ज धरून सा, कोमल ग, म, प, कोमल नी वाजवा: हे तर धानी रागाचेच स्वर! चाल मात्र रागाची नाही, कारण खाली कॉर्ड (एकत्र वाजणारे सूर) बदलतात. तोच षड्ज जी कॉर्डवर तिचा तिसरा सूर होतो, ई मायनरवर पाचवा, आणि दर वेळी वेगळा लागतो. सोलोची खरी गंमत इथे आहे.

मोबाइलवर वेग ०.५ करा आणि एकच ओळ गुणगुणा. गळ्यातून नीट येईपर्यंत गिटारला हात लावू नका.

मग बेंड. तिसऱ्या तारेचा नववा फ्रेट म्हणजे म. तो ओढून प वर न्यायचा. आधी दुसऱ्या तारेचा सातवा फ्रेट वाजवा, तोच प आहे. तो कानात ठेवून तार ओढा, शेवटी दोन्ही सूर एकत्र वाजवून पाहा. आवाज थरथरला तर बेंड कमी किंवा जास्त झाला. नवशिक्यांचा बहुधा कमीच पडतो, कारण ते एकट्या तिसऱ्या बोटानं ढकलतात. मागे पहिलं आणि दुसरं बोटही लावा, जोर मनगटातून येऊ द्या. तारा ९-४२ च्या (सर्वांत बारीक आणि सर्वांत जाड तारेची जाडी, इंचाच्या हजाराव्या भागांत) घ्या. १०-४६ सुरुवातीला बोटं सोलतात.

अॅम्पवरचा गेन (आवाज फाटवणारं बटण) वाढवून चुका झाकायचा मोह सगळ्यांना होतो. पण गेन जास्त झाला की शेजारच्या तारा घुमतात. जाड तारा उजव्या तळव्याच्या कडेनं दाबा, बारीक तारा डाव्या पहिल्या बोटानं हलक्या टेकून ठेवा. वीज गेली म्हणून अॅम्पशिवाय वाजवलं तर ही घुमण्याची चूक ऐकूच येत नाही, तेव्हा तो सराव फक्त बोटांचा समजा.

तारांना हात लावताच झिणझिण्या आल्या तर मात्र वाजवणं लगेच थांबवा. घरातलं अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या.

ओळ पक्की झाली की मेट्रोनोम (ठेक्याचे ठोके देणारं यंत्र) मिनिटाला ६० ठोक्यांवर लावा. सलग तीनदा स्वच्छ आली तरच पाचनं वाढवा. तानपुरा अॅपवर बेंडचा सूर पक्का होतो, पण कॉर्ड बदलल्याची जाण येत नाही. त्यासाठी बॅकिंग ट्रॅकच (सोलो वगळून उरलेली साथ) लावा.