तेरं, शेवळं, अळू, सुरण : खाज घालवायची तर आधी तिची भानगड समजून घ्या

पाऊस लागला की कोकणात तेरं (रानअळू), शेवळं (रानसुरणाचे फुलोऱ्याचे कोंब), भाजीचं अळू हे सगळं सुरू होतं आणि दरवर्षी कुणाचा ना कुणाचा घसा खवखवतोच, मग बोल लागतो भाजी विकणाऱ्या मावशीला. तिचा काय दोष, ही खाज झाडाने स्वतःच्या बचावासाठी ठेवलीय, गुरांनी आणि अळ्यांनी तोंड लावू नये म्हणून.

पानात, देठात, कंदात कॅल्शियम ऑक्झलेटच्या बारीक सुया असतात, काही खास पेशींत जुड्या करून भरलेल्या. चावलं की पेशी फुटते, सुया जिभेत घुसतात आणि त्या भोकांतून झाडाचा रस आत जातो, काही झाडांत त्या रसात प्रोटीन तोडणारी एन्झाइम्सही असतात. 2014 साली जपानी संशोधकांनी किवी फळातल्या सुया आणि असलं एन्झाइम एरंडाच्या पानांवर लावून एरी रेशीमकिड्याच्या अळ्यांना दिलं. नुसत्या सुयांनी फारसं काही झालं नाही, नुसत्या एन्झाइमनेही नाही, दोन्ही एकत्र दिल्यावर मात्र अळ्या पटापट मेल्या.

आता कामाचं. एन्झाइम उष्णतेने निकामी होतं पण सुया पाण्यात विरघळत नाहीत, म्हणून एक वाफ काढली की झालं असं समजू नका.

चिरायच्या आधी हातांना खोबरेल लावा, आणि सुरण कोरडाच सोला, धुवायचं नंतर, ओल्या हाताला जास्त खाजतं. तेऱ्याची कोवळी पानं घ्या, देठ सोलून घ्या. शेवळाला जरा वेळ द्या : वरची आवरणं काढली की आत दांडा दिसतो, त्याचा तो पिवळा भाग सरळ फेकून द्यायचा, सगळ्यात जास्त खाजरा तोच. बाकीचं बारीक चिरून तेलावर चांगलं परतायचं आणि मग काकडं (काकड नावाच्या झाडाची आंबट रानफळं) ठेचून त्यांचा रस घालायचा, रायगड-ठाण्याकडे बाजारात शेवळांच्या वाट्याशेजारी काकडं असतातच, ती न घेता नुसती शेवळं घरी आणणं म्हणजे आ बैल मुझे मार. तेरं-अळवाला आमसूल किंवा चिंच, तीही सुरुवातीलाच. सुरणाच्या फोडी आमसुलाच्या पाण्यात उकडून ते पाणी ओतून टाका. भाजीत आठळ्या (फणसाच्या बिया) घातल्या असतील तर त्या मऊ होईपर्यंत भाजी शिजतेच, तेवढा वेळ हवाच. कुकरला लावलं तरी चालेल, आमच्याकडच्या म्हाताऱ्या नाकं मुरडतात पण चालतं.

अर्धवट शिजलेली भाजी मीठ बघायला म्हणून चाखू नका, तिथेच फसायला होतं.

हात खाजायला लागलेच तर चिंचेचा कोळ चोळा आणि मग धुवा. घशाला थंड दूध किंवा ताक. ओठ-जीभ सुजली, श्वासाला त्रास झाला तर घरगुती उपाय बास, डॉक्टरकडे जा. मुतखडा होऊन गेलाय त्यांनी या भाज्या बेताने खा, बहुतेक खडे याच कॅल्शियम ऑक्झलेटचे असतात.

आणि हो, खिडकीतला मनीप्लांट आणि कुंडीतला डिफनबेकिया पण अळवाच्याच कुळातले, सुया त्यांच्यातही आहेत, आणि ते कितीही शिजवलं तरी खायचे नाहीत. रांगतं पोर असेल तर कुंडी वर ठेवा.