अमेरिकेत कम्युनिटी कॉलेजमधून मेडिकल असिस्टंट होताना

अमेरिकेतल्या दवाखान्यात तुमचं नाव पुकारून आत नेणारी, वजन-बीपी घेणारी, कोणती औषधं चालू आहेत ते विचारून कॉम्प्युटरवर टिपणारी व्यक्ती बहुतेक वेळा नर्स नसते, मेडिकल असिस्टंट असते. आपल्याकडच्या कंपाउंडरची आठवण येते, पण इथे या कामात रक्त काढणं, इंजेक्शन देणं, ईसीजी घेणं येतं आणि विम्याची मंजुरी मिळवणं, अपॉइंटमेंट लावणं हेही येतं. फिजिशियन असिस्टंट, म्हणजे पेशंट तपासून निदान आणि उपचार करणारा, तो वेगळा. त्याला मास्टर्स लागते. फॉर्म भरताना या दोन नावांची गल्लत करू नका.

कम्युनिटी कॉलेजात, म्हणजे दोन वर्षांपर्यंतचे अभ्यासक्रम चालवणाऱ्या स्थानिक सरकारी कॉलेजात, दोन वाटा असतात: साधारण ९ ते १२ महिन्यांचं सर्टिफिकेट, किंवा दोन वर्षांची, ६० क्रेडिटच्या आसपासची असोसिएट डिग्री. भारतातली पदवी हातात असेल तर सर्टिफिकेट पुरतं.

पहिला प्रश्न फीचा नको, मान्यतेचा विचारा. कॉलेजची मान्यता वेगळी आणि अभ्यासक्रमाची वेगळी. मेडिकल असिस्टिंगच्या अभ्यासक्रमाला ‘काहेप’ (CAAHEP) किंवा ‘एभेस’ (ABHES) या संस्थांची मान्यता आहे का, ते त्या संस्थांच्याच संकेतस्थळावर जाऊन बघा. माहितीपत्रकावर विसंबू नका. एएएमए (AAMA) या मेडिकल असिस्टंटांच्या राष्ट्रीय संघटनेच्या सीएमए (CMA) परीक्षेला बसण्याची सरळ वाट याच मान्यतेतून जाते. मान्यता नसेल तर एनएचए (NHA) या दुसऱ्या संस्थेची सीसीएमए (CCMA) ही परीक्षा देता येते आणि तीही अनेक दवाखान्यांत चालते. तरी दोन्ही दारं उघडी ठेवणारा अभ्यासक्रम त्याच फीत मिळत असेल तर एक दार बंद असलेला का घ्यायचा? आणखी एक घोटाळा कायम होतो. कॉलेज देतं ते सर्टिफिकेट. परीक्षा पास झाल्यावर मिळतं ते सर्टिफिकेशन. नोकरीच्या जाहिरातीत दुसरं मागितलेलं असतं.

राज्याचा नियमही आधी बघा. वॉशिंग्टनमध्ये राज्याच्या आरोग्य खात्याकडे नोंद झाल्याशिवाय हे काम करता येत नाही. कॅलिफोर्नियात राज्य सर्टिफिकेशन मागत नाही, पण इंजेक्शनसाठी १० तासांचं आणि रक्त काढण्यासाठी १० तासांचं प्रशिक्षण मागतं. शिवाय शिरेतून रक्त काढणं आणि स्नायूतलं, त्वचेखालचं, त्वचेतलं इंजेक्शन देणं यांतलं प्रत्येक किमान १० वेळा नीट करून दाखवावं लागतं.

आता कागदपत्रं. भारतातून आलेल्यांची गाडी सगळ्यात जास्त इथेच अडते. दहावी-बारावीची आणि पदवीची गुणपत्रकं घरून मागवा आणि कॉलेज ज्या संस्थांचं मूल्यांकन स्वीकारतं त्यांच्याकडूनच ती तपासून घ्या. मग लसी. हेपॅटायटिस बीच्या नेहमीच्या तीन डोसांना सहा महिने लागतात: आज, एक महिन्याने, सहाव्या महिन्यात. प्रॅक्टिकमच्या, म्हणजे दवाखान्यात प्रत्यक्ष काम करून शिकण्याच्या, दोन महिने आधी जाग आली तर वेळ हुकते. हेप्लिसाव्ह-बी या लसीचे दोनच डोस असतात, एक महिन्याच्या अंतराने. उशीर झाला असेल तर डॉक्टरांना तीच विचारा. लहानपणीचं लसीकरणाचं कार्ड सापडत नसेल तर गोवर, गालगुंड, रुबेला आणि कांजिण्यांची टायटर म्हणजे रक्तातल्या प्रतिपिंडांची तपासणी चालते का ते विचारा. टीबीसाठी हातावर टोचून करायची चाचणी शक्यतो टाळा. आपल्याला बीसीजी दिलेली असते, त्यामुळे टीबी नसतानाही ती पॉझिटिव्ह येऊ शकते आणि मग छातीच्या एक्स-रेचं लचांड मागे लागतं. त्याऐवजी क्वांटिफेरॉनसारखी रक्ताची तपासणी मागा. तिच्यावर बीसीजीचा परिणाम होत नाही.

सीपीआरसाठी (हृदय बंद पडल्यावर छाती दाबून श्वास देणं) बहुतेक ठिकाणी अमेरिकन हार्ट असोसिएशनचं बीएलएस (बेसिक लाइफ सपोर्ट) प्रोव्हायडर कार्ड लागतं. ते दोन वर्षं चालतं. पुतळ्यावर हाताने करून न दाखवता, नुसतं ऑनलाइन मिळालेलं कार्ड सहसा परत पाठवतात.

एच-४ वर, म्हणजे एच-१बी वाल्याच्या जोडीदाराच्या व्हिसावर, असाल तर शिकायला आडकाठी नाही, पण नोकरीला वर्क परमिट लागतं आणि केंद्र सरकारची शिक्षणमदत मिळत नाही. ग्रीन कार्ड असेल तर फाफ्साचा (FAFSA), म्हणजे त्या मदतीचा, अर्ज जरूर भरा. प्रॅक्टिकम बिनपगारी असलं तरी तुमच्या व्हिसावर ते चालतं का, हे कॉलेजच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाकडून प्रवेशाआधीच लेखी घ्या.

वर्ग सुरू झाले की मेडिकल टर्मिनॉलॉजीचा डोंगर वाटतो. शब्द पाठ करू नका, तोडा. ‘हायपोग्लायसिमिया’ घ्या: ‘हायपो’ म्हणजे कमी, ‘ग्लाय’ म्हणजे साखर, ‘-इमिया’ म्हणजे रक्तात. असे शंभरेक तुकडे आले की उरलेले शब्द आपोआप उलगडतात.

खरी कसोटी लॅबमध्ये. मान्यताप्राप्त अभ्यासक्रमात ठरलेली प्रत्येक कृती पास व्हावीच लागते. एकीतले जास्तीचे गुण दुसरीला उपयोगी पडत नाहीत. बीपीच घ्या. पेशंटला पाच मिनिटं पाठ टेकवून बसवा, पाय जमिनीवर, एकमेकांवर नकोत, दंड हृदयाच्या पातळीवर, बोलणं बंद. मनगटावरची नाडी लागेनाशी होते त्याच्या वर ३० पर्यंत पट्टा फुगवा आणि सेकंदाला साधारण २ अंकांच्या वेगाने हवा सोडा. जाड दंडाला लहान पट्टा लावला तर बीपी खोटं वाढलेलं दिसतं, आणि त्यावरून एखाद्याला नको असलेली गोळी चालू होऊ शकते. म्हणून पट्टा निवडण्याचा आळस करू नका.

रक्त काढताना टूर्निकेट, म्हणजे शीर फुगवायला आवळायची पट्टी, कोपराच्या वर ३-४ इंचांवर बांधा आणि एक मिनिटापेक्षा जास्त ठेवू नका. स्पिरिट पूर्ण वाळू द्या, नाहीतर चुरचुरतं आणि रक्तपेशी फुटून नमुना वाया जातो. सुईचं तिरपं तोंड वर, कोन १५ ते ३० अंश. मूठ उघड-बंद करायला सांगायची सवय आपल्याकडे आहे. ती सोडा, पोटॅशियम खोटं वाढतं. ट्यूबचा क्रम, झाकणाच्या रंगाप्रमाणे, तोंडपाठ हवा: आधी कल्चरच्या (रक्तात जंतू आहेत का ते बघायच्या) बाटल्या, मग फिकट निळी, लाल किंवा सोनेरी, हिरवी, जांभळी, शेवटी राखाडी. यामागे कारण आहे. जांभळीत पोटॅशियमचं ईडीटीए हे रक्त गोठू न देणारं रसायन असतं. त्याचा अंश पुढच्या ट्यूबमध्ये गेला की रिपोर्टमध्ये पोटॅशियम चढतं, कॅल्शियम उतरतं आणि धडधाकट माणसाला इमर्जन्सीत धाडलं जातं. फिकट निळी खुणेपर्यंत भरलीच पाहिजे, कारण तिच्यात नऊ भाग रक्ताला एक भाग सायट्रेट (तेही रक्त गोठू न देणारं) असं प्रमाण असतं. सुई काढण्याआधी टूर्निकेट सोडा. लेबल पेशंटसमोरच लावा, नाव आणि जन्मतारीख त्याच्याच तोंडून वदवून घेऊन. आधीच लेबल चिकटवलेल्या रिकाम्या ट्यूब ट्रेमध्ये ठेवणं ही या कामातली सर्वांत धोक्याची सवय.

मापं तुमच्या अंगवळणी पडलेली नसतात, तिकडेही लक्ष द्या. वजन पाउंडात घेतात आणि औषधाचा डोस किलोवर ठरतो: ३३ पाउंडाचं मूल १५ किलोचं. किलोच्या रकान्यात ३३ लिहिलं गेलं तर डोस दुपटीहून जास्त होईल. तारखेत महिना आधी: ०४/०७ म्हणजे ७ एप्रिल. ताप फॅरनहाइटमध्ये मोजतात, १००.४ म्हणजे ३८ सेल्सियस.

प्रॅक्टिकम किमान १६० तासांचं असतं, तेही दवाखान्याच्या वेळेत, म्हणजे दिवसा. घरी लहान मूल असेल तर त्याच्या डे-केअरची सोय सत्र सुरू होण्याआधीच लावा. याच टप्प्यावर अभ्यास सोडायची वेळ येते. तासांच्या कागदावर दर आठवड्याला सही घ्या, शेवटी एकदम घेऊ नका, कारण देखरेख करणारी व्यक्ती मधेच बदलू शकते.

भारतात डॉक्टरकी केलेले बीएएमएस, बीएचएमएस किंवा एमबीबीएसही या वाटेने येतात. त्यांना एक गोष्ट जड जाते आणि ती समजण्यासारखी आहे: इथे निदान, सल्ला, रिपोर्टचा अर्थ सांगणं हे तुमचं काम नाही. फोनवर पेशंट म्हणाला छातीत दुखतंय, तर त्याच क्षणी नर्सकडे किंवा डॉक्टरकडे द्या. ‘रिपोर्ट नॉर्मल वाटतोय’ एवढं वाक्यही नको.

शिक्षण संपल्यावर परीक्षा लांबवू नका. सीएमएमध्ये २०० प्रश्न, ४० मिनिटांचे चार भाग. प्रमाणपत्र ६० महिने चालतं. सीसीएमएमध्ये १८० प्रश्न, ३ तास. नूतनीकरण दर दोन वर्षांनी. अर्जावरचं नाव फोटो ओळखपत्रावरच्या नावाशी अक्षरशः जुळलं पाहिजे. आपल्याकडे पदवीवर माहेरचं आडनाव, पासपोर्टवर सासरचं आणि मधे कधी वडिलांचं तर कधी नवऱ्याचं नाव असतं. कॉलेजच्या पहिल्या अर्जापासूनच पासपोर्टवरचं नाव लावा आणि विवाह प्रमाणपत्राची प्रत फाइलमध्ये ठेवा.