हाडं पाठ करताय? या चुका टाळा

मी फर्स्ट एमबीबीएसला अॅनाटॉमी शिकवते. दरवर्षी बॅच नवी असते, चुका मात्र जुन्याच. व्हायवाच्या, म्हणजे तोंडी परीक्षेच्या, टेबलावर हाड ठेवलं की समोरचा मुलगा काय चुकणार हे मला त्याच्या हाताच्या हालचालीवरून कळतं, तोंड उघडायच्या आधीच. कंटाळून शेवटी लिहायला बसले.

हाफ सेटची बाजू

सीनियरकडून हाफ सेट घ्यायची पद्धत आहे. कवटी, मणके, आणि हातापायाची एकाच बाजूची हाडं. घ्या, त्यात गैर काही नाही. पण सहा महिने फक्त उजवी फिब्युला, म्हणजे पोटरीतलं बाहेरचं हाड, हाताळलीत की डोक्यात फिब्युला राहत नाही, राहते ती तुमच्या सेटमधली फिब्युला. तिचा रंग, तिच्यावर सीनियरने पेन्सिलने काढलेल्या रेघा, टोकाचा उडालेला टवका.

एका प्रिलिमला वर्गातला पहिला-दुसरा येणारा मुलगा माझ्या टेबलावर आला. मी डावी फिब्युला पुढे सरकवली. त्याने ती उचलली, दोनदा फिरवली, थांबला, उलटी केली आणि एकदम चेहरा उजळला.

"राइट साइडची फिब्युला, मॅडम."

"कशावरून?"

"फॅसेट डावीकडे आहे, मॅलिओलर फॉसा मागे आहे."

(फॅसेट म्हणजे सांध्याचा गुळगुळीत भाग, मॅलिओलर फॉसा म्हणजे त्याच खालच्या टोकावरचा खळगा.) वाक्य अगदी बरोबर. उजव्या फिब्युलाचं फॅसेट आतल्या बाजूला, म्हणजे धरणाऱ्याच्या डावीकडेच यायला हवं. गोची एवढीच होती की हाड त्याने खालीवर धरलं होतं. डावी फिब्युला उलटी केली, फॉसा मागेच ठेवला, की फॅसेट डावीकडे येतं आणि ती हुबेहूब उजवी असल्याचा भास होतो. त्याच्या हाताला जे ओळखीचं वाटलं तिथे तो थांबला.

मी विचारलं, "हेड दाखव." फिब्युलाचं हेड म्हणजे तिचं वरचं टोक. त्याने वर आलेलं टोकदार, चपटं टोक दाखवलं.

"आता बूट काढ आणि घोट्याची बाहेरची गाठ चाचप. ती कुठल्या हाडाची?"

"फिब्युलाची. लॅटरल मॅलिओलस."

"मग ती तुझ्या हातात वर कशी गेली?"

तो हातातल्या हाडाकडे बघत राहिला. पुढच्या पाच मिनिटांत त्याने बाकी सगळं बरोबर सांगितलं. फिब्युलात खालचं ओसिफिकेशन सेंटर (जिथून हाड बनू लागतं तो ठिपका) आधी उमटतं आणि आधीच जुळतंही, म्हणजे 'आधी उमटतं ते शेवटी जुळतं' या नेहमीच्या नियमाला ती अपवाद, हेसुद्धा. अपवाद पाठ होता, वर-खाली नव्हतं.

माझी स्वतःची सवय साधी आहे. हाड उचललं की आधी ते अंगावर ठेवायचं. फिब्युला पोटरीच्या बाहेरून, क्लॅव्हिकल (गळपट्टीचं हाड) गळ्याखाली, स्कॅप्युला (खांद्याचं फावडं) पाठीवर नेता येत नाही तर निदान मैत्रिणीच्या पाठीवर. वरचं टोक कुठलं, पुढची बाजू कुठली, हे ठरल्याशिवाय उजवी-डावी हा शब्द तोंडातून काढायचा नाही. क्लॅव्हिकलचं चपटं टोक खांद्याकडे, जाड टोक छातीच्या मध्याकडे, आतला दोनतृतीयांश भाग पुढे फुगलेला, आणि सबक्लेव्हियन ग्रूव्ह, म्हणजे हाडावरची खाच, खाली. शेवटचं विसरलात तर बाकी तिन्ही पाठ असूनही फसाल. आणि महिन्यातून एकदा उलट बाजूचा सेट असलेल्या मित्राशी सेट बदला. हे मी दरवर्षी सांगते, करणारे चारपाचच.

स्वस्त प्लॅस्टिकच्या सेटवर विसंबून राहू नका, हेही जाता जाता. न्यूट्रिएंट फोरामेन, म्हणजे रक्तवाहिनी हाडात शिरते ते भोक, त्यावर बहुतेक नसतंच, आणि मग त्या भोकाच्या दिशेचा 'कोपराकडे जा, गुडघ्यापासून पळ' हा नियम कशावर पडताळणार? डिपार्टमेंटमधली जुनी खरी हाडं जपून वापरा. 1985 मध्ये सरकारने मानवी हाडांच्या निर्यातीवर बंदी घातली. त्याआधी परदेशातल्या कितीतरी विद्यार्थ्यांनी भारतातून गेलेल्या सांगाड्यांवर अभ्यास केला. हातातलं हाड कुणाचं तरी होतं. त्यावर नेलपेंटने ओरिजिन-इन्सर्शन, म्हणजे स्नायू चिकटतात त्या जागा, रंगवणाऱ्यांशी मी बोलत नाही.

अल्नाचं डोकं खाली असतं

कोपर ते मनगट दोन हाडं: अंगठ्याकडे रेडियस, करंगळीकडे अल्ना. रेडियसचं हेड कोपराशी, अल्नाचं मनगटाशी. मनगटाच्या मागे करंगळीच्या बाजूला जो उंचवटा दिसतो, तेच अल्नाचं हेड. रोज दिसतं, तरी दरवर्षी अर्धा वर्ग ऑलेक्रॅननला, म्हणजे कोपराच्या टोकाला, हेड म्हणतो.

इलियम आणि इलियम

मराठीत लिहिलं तर फरकच कळत नाही, हीच तर मजा. स्पेलिंगमध्ये मध्ये 'आय' असेल तर कमरेच्या बाजूचं हाड, 'ई' असेल तर आतडं. पेरोनियल (पोटरीच्या बाहेरच्या बाजूचं) आणि पेरिनियल (दोन मांड्यांमधल्या भागाचं) यांत गफलत केलीत तर परीक्षक हसतो, तुम्ही लाल होता. बोटांची हाडं: फॅलँक्स एक, फॅलँजेस अनेक. 'एक फॅलँजेस' म्हणू नका.

कार्पल्सचं गाणं

'शी लुक्स टू प्रिटी, ट्राय टू कॅच हर.' कार्पल्स म्हणजे मनगटातली दोन ओळींतली आठ हाडं; गाण्यातल्या प्रत्येक शब्दाचं पहिलं अक्षर एकेका हाडाचं. पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय. त्यात 'टी' तीन आहेत: ट्रायक्वेट्रल, ट्रॅपेझियम, ट्रॅपेझॉइड. म्हणजे जिथे अडतं नेमकं तिथेच गाणं मदत करत नाही. शिवाय ते अंगठ्याकडून म्हणायचं की करंगळीकडून, हे गाण्यात कुठेच नाही. (अंगठ्याकडून. दोन्ही ओळी.) शॉर्टकटला माझा विरोध नाही; शॉर्टकट घेऊन घर न सापडणाऱ्यांना आहे.

मी असं करते. अंगठा ताणून वर केला की मनगटाशी खळगा पडतो. त्याला स्नफबॉक्स म्हणतात, कारण तपकीर ओढणारे चिमूट तिथे ठेवत. त्या खळग्यात बोट दाबा, खाली स्कॅफॉइड आहे. तिथून पुढे सरका, अंगठ्याच्या मुळाशी ट्रॅपेझियम. दोन हाडं तुमच्याच हातावर बसली. हातावर पडलेल्या माणसाला त्या खळग्यात दुखत असेल तर पहिल्या एक्स-रेत फ्रॅक्चर दिसलं नाही तरी सोडून देत नाहीत. स्कॅफॉइडला रक्त मुख्यतः पुढच्या टोकाकडून मिळतं, मागचा तुकडा उपाशी राहून मरू शकतो.

'कंबर'चं भाषांतर

आता माझीच चूक सांगते. इंटर्नशिपमध्ये हाडांच्या ओपीडीत एक मावशी आल्या. म्हणाल्या, "कंबर लई दुखतीय बाई, पायात कळ जाती." मी केसपेपरवर झोकात लिहिलं: हिप पेन. दोन्ही खुब्यांचा एक्स-रे लिहून दिला. मावशी रांगेत दोन तास उभ्या राहिल्या, जेवायची वेळ टळली, फिल्म घेऊन आल्या. खुबे ठणठणीत.

वरच्या सरांनी फिल्म बाजूला ठेवली आणि मावशींना म्हणाले, "बोट ठेवून दाखवा कुठं दुखतंय." मावशींनी पाठीच्या खालच्या भागावर, मणक्यांवर हात ठेवला आणि पोटरीच्या बाहेरून अंगठ्यापर्यंत रेघ ओढली. सरांनी माझ्याकडे बघितलं, बोलले काहीच नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं. मावशी परत रांगेत गेल्या, यावेळी मणक्याच्या एक्स-रेसाठी.

मराठीत कंबर म्हणजे बहुतेक वेळा लंबर स्पाइन, खुबा म्हणजे हिप जॉइंट. हे मला घरी आजीकडून माहीत होतं; पेन हातात आल्यावर विसरले. उलटही होतं: लहान मूल गुडघा धरून रडतं आणि दुखणं खुब्यात असतं, कारण ऑब्च्युरेटर नर्व्ह दोन्हीकडे फांद्या देते. म्हणून शब्द लिहायच्या आधी बोट ठेवायला सांगा.

गंमत म्हणजे इथे मराठी इंग्रजीपेक्षा पुढे आहे. अॅनाटॉमीत 'आर्म' म्हणजे फक्त खांदा ते कोपर आणि 'लेग' म्हणजे फक्त गुडघा ते घोटा. हे समजावताना घाम फुटतो. पण 'दंड' म्हटलं की कुणी मनगट दाखवत नाही. मांडी, नडगी, पोटरी, पाऊल हे शब्द घरातूनच घेऊन आलात, ते डिसेक्शन हॉलबाहेर ठेवू नका.

किरकोळ, पण दर व्हायवाला

अंगातली 206 हाडं मोजताना कानातली सहा आणि गळ्यातलं हायॉइड विसरतात. सर्व्हायकल, म्हणजे मानेचे, मणके सात, नर्व्ह आठ. उलट सांगू नका.

'मायलो' म्हणजे कधी मज्जारज्जू, कधी हाडातला मगज. पोलिओमायलायटिस मज्जारज्जूचा, ऑस्टिओमायलायटिस हाडाचा. शब्द तोडून अर्थ लावायची घाई इथे नडते.

घरातल्या काकांना 'मानेचा स्पॉन्डिलायटिस' झालेला असतो, तो बहुधा स्पॉन्डिलोसिस असतो: झीज, दाह नव्हे. काकांना सुधारू नका, परीक्षकासमोर स्वतःला सुधारा.

एक्स-रे बघताना पेशंटची उजवी बाजू तुमच्या डावीकडे येते. मार्कर वाचा.

आणि सेट परत करताना मनगटातलं पिसिफॉर्म मोजून द्या. वाटाण्याएवढं हाड, दरवर्षी एक तरी हरवतं आणि मग मुलं खोलीतल्या केराच्या डब्यात शोधत बसतात.