काळ्या जमिनीवर घर बांधताना

नागपूर जिल्ह्यात काटोल, सावनेर, उमरेडकडे एकर-दोन एकर जागा घेतली की बोलणी सुरू होतात नकाशाची आणि पोर्चची. त्याआधी माती बघा. कागदांचं थोडक्यात: सात-बारावर भोगवटादार वर्ग 2 (सरकारच्या परवानगीशिवाय विकता न येणारी जमीन) लिहिलं नाही ना ते पाहा, सरकारी मोजणी करून धुऱ्यावर खुणा पक्क्या करून घ्या, आणि अकृषक (शेतीबाहेरच्या) वापराचा प्रश्न सुटल्याशिवाय फावडं लावू नका.

आता माती. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते, आणि वरचं घर दरवर्षी थोडं उचलून थोडं खाली सोडते. मोठ्या जागेत एक सोय असते: घर कुठे बसवायचं ते तुमच्या हातात असतं. बहुतेक शेतांत चढाकडे मुरूम वर येतो आणि नाल्याकडे काळी खोल जाते. तीन-चार ठिकाणी मुरूम लागेपर्यंत खड्डे घ्या आणि जिथे तो सगळ्यात वर असेल तिथे घर न्या. पांदणीपासून शंभर फूट आत जावं लागलं तरी चालेल, कारण रस्ता वाढवणं पायवा वाढवण्यापेक्षा स्वस्त पडतं.

माती किती फुगते ते घरीही कळतं. वाळवून कुटलेली, बारीक चाळणीने चाळलेली माती 10-10 ग्रॅम घ्या. 100 मिलीच्या दोन मापनळ्यांत एकीत पाणी, दुसरीत रॉकेल भरून ती टाका, ढवळून हवा काढा आणि 24 तास ठेवा. रॉकेलात माती फुगत नाही. तिथे ती 10 मिलीवर बसली आणि पाण्यात 18 वर, तर फुगवटा 80 टक्के. 50 च्या वर गेलं की साधा पायवा विसरा. पक्का अहवाल मात्र प्रयोगशाळेचाच घ्या.

मुरूम चार-सहा फुटांवर असेल तर फुटींग (खांबाखालचा काँक्रीटचा रुंद पाया) त्यातच टेकवा. काळी दहा फुटांच्याही खाली जात असेल तर अंडर-रीम्ड पाइल, म्हणजे जमिनीत खोल भोक पाडून ओतलेला काँक्रीटचा खांब: साधारण 3.5 मीटर खोल, 30 सेंमी व्यासाचा, खाली 75 सेंमीचा फुगा. तेवढ्या खोलीवर ओल फारशी बदलत नाही, म्हणून तो फुगा जागचा हलत नाही. पाइल किती आणि सळई किती हे अभियंत्याला ठरवू द्या. जोत्याचा बीम थेट काळीवर टाकू नका. खाली 8 सेंमी रेती पसरून तो ओता, मग रेती उकरून काढा. मातीला फुगायला ती पोकळी हवी असते. ‘काढायची कशाला’ म्हणून मिस्त्री रेती तशीच ठेवू पाहतात. समोर उभं राहून काढून घ्या.

सगळ्यात जास्त घरं बिघडतात भरणात. खोदलेली काळी फुकटची, म्हणून तीच जोत्यात परत लोटली जाते. दोन पावसाळ्यांत फरशी मधोमध उचलते आणि दारं घासू लागतात. फरशीखालची काळी दोन-तीन फूट काढून मुरूमच भरा, सहा-सहा इंचांचे थर, प्रत्येकावर पाणी आणि धुम्मस. उरलेली काळी संत्र्याच्या झाडांना द्या.

नंतर सांभाळायचं ते पाणी. घराभोवती दीड मीटर रुंद, बाहेर उताराची पट्टी करा. भिंतीशी सांधा डांबराने भरा. 100 चौरस मीटर छतावर 1000 मिमी पाऊस म्हणजे लाखभर लिटर पाणी. ते पन्हाळीतून थेट पायव्याशी सोडू नका, टाकीत किंवा दूर चरात न्या. शोषखड्डा काळीत चालत नाही, पाणी मुरतच नाही. तो मुरमापर्यंत न्या, विहीर-बोअरपासून 15 मीटर दूर. कडुनिंब, पिंपळ घरापासून निदान पन्नास फुटांवर, नाहीतर मुळं एकाच कोपऱ्याची ओल ओढतात.

काम दिवाळीनंतर काढा, मृगाच्या आधी जोतं पूर्ण करा. पायव्याच्या उघड्या खड्ड्यात पाऊस साचला तर मऊ झालेला थर काढल्याशिवाय काँक्रीट टाकू नका.

खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी भेग आलीच, तर मे महिन्यात लगेच लिंपू नका. भेगेवर काचेची पट्टी प्लास्टरने चिकटवा आणि पावसाळा व उन्हाळा दोन्ही जाऊ द्या. पट्टी शाबूत राहिली तर भरून टाका. तडकली तर आधी त्या बाजूचा नळ, मोरी आणि झाड तपासा.