‘अमेरिका ख्रिस्ती तत्त्वांवर उभी राहिली’ हा दावा कसा तपासावा

या वादात दोन्ही बाजूंचे लोक पाच-सहा ठरलेली अवतरणं खिशात घेऊन फिरतात. ती एकमेकांच्या अंगावर फेकून काहीच ठरत नाही. मूळ कागद मात्र घरबसल्या फुकट वाचता येतात. अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागाराचं ‘फाउंडर्स ऑनलाइन’ आणि येल विद्यापीठाचा ‘ॲव्हलॉन प्रोजेक्ट’ ही दोन संकेतस्थळं बहुतेक कामाला पुरतात.

आधी दाव्याचे तुकडे करा. ‘अमेरिका’ म्हणजे तिथला समाज, एखादी वसाहत, एखादं राज्य, की संघराज्याचं सरकार? समोर येणाऱ्या प्रत्येक पुराव्यापुढे तीन गोष्टी लिहा: साल, कागद कोणाचा, आणि तो कायदा आहे की भाषण किंवा पत्र. निम्मा वाद इथेच मिटतो. ‘मेफ्लॉवर’ जहाजाने अमेरिकेत आलेल्या इंग्रज वसाहतकारांच्या १६२० च्या मेफ्लॉवर करारात ख्रिस्ती श्रद्धेच्या प्रसाराचा हेतू स्वच्छ लिहिला आहे. पण तो इंग्लंडच्या राजाच्या प्रजाजनांनी, राज्यघटनेच्या १६७ वर्षं आधी केलेला करार आहे. वसाहतीबद्दल तो पुरावा आहे, १७८७ च्या सरकारबद्दल नाही.

मग ४ जुलै १७७६ चा स्वातंत्र्याचा जाहीरनामा घ्या. त्यात ईश्वराचा उल्लेख चारदा येतो: निसर्गाचा ईश्वर, निर्माता, जगाचा सर्वोच्च न्यायाधीश आणि दैवी संरक्षण. शेवटचे दोन मसुदा लिहिणाऱ्या थॉमस जेफरसनच्या मजकुरात नव्हते, ते काँग्रेसने, म्हणजे वसाहतींच्या प्रतिनिधिसभेने, घातले. येशू किंवा बायबल कुठेच नाही. चमत्कार न मानणारा जेफरसन आणि कट्टर प्रेस्बिटेरियन (एक प्रोटेस्टंट पंथ) पाद्री असलेला विदरस्पून, दोघांनीही त्याच मजकुराखाली सही केली. त्यामुळे ‘निर्माता’ या एका शब्दावर अख्खा ख्रिस्ती धर्म उभा करू नका, आणि ईश्वर तिथे नव्हताच असंही म्हणू नका.

राज्यघटना तासाभरात वाचून होते. सारांशावर विसंबू नका, कलमंच पाहा. सहाव्या कलमाच्या शेवटी म्हटलंय की संघराज्याच्या कोणत्याही पदासाठी धर्माची अट कधीही घालता येणार नाही. दुसऱ्या कलमातल्या राष्ट्राध्यक्षाच्या शपथेत ईश्वराचं नाव नाही, शिवाय ‘शपथ किंवा प्रतिज्ञा’ असा पर्याय आहे. उलट बाजूने दोन गोष्टी दाखवल्या जातात: विधेयकावर निर्णयासाठी राष्ट्राध्यक्षाला मिळणाऱ्या दहा दिवसांतून रविवार वगळलेला आहे, आणि शेवटी तारीख ‘आपल्या प्रभूच्या’ वर्षाची आहे. पहिली त्या समाजाची रीत दाखवते, दुसरी त्या काळची तारीख लिहायची पद्धत. यावर राज्यव्यवस्थेचा पाया ठरवणं म्हणजे ओढाताण.

ईश्वराचं नाव विसरून राहून गेलं असेल का? हे तपासायला नंतरचे कागद बघा. १८६१ मध्ये दक्षिणेच्या फुटीर राज्यांनी आपल्या घटनेच्या प्रास्ताविकात सर्वशक्तिमान ईश्वराला मुद्दाम स्थान दिलं. त्याच यादवी युद्धाच्या काळात उत्तरेत ‘नॅशनल रिफॉर्म असोसिएशन’ने प्रास्ताविकात ख्रिस्ताचं नाव घालावं म्हणून मोहीम चालवली. ती दुरुस्ती झाली नाही. मूळ घटनेत ते नाही, हे ख्रिस्ती राष्ट्र हवं असणाऱ्यांनाच चांगलं ठाऊक होतं.

सर्वांत जास्त घोळ राज्यांच्या कागदांत होतो, आणि इथे वेळ द्यायलाच हवा. डेलावेअरच्या १७७६ च्या घटनेनुसार पदावर येणाऱ्याला पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांवरची श्रद्धा जाहीर करावी लागे. त्याच वर्षीच्या पेनसिल्व्हेनियाच्या घटनेत आमदाराला जुना आणि नवा करार ईश्वरप्रेरित असल्याचं कबूल करावं लागे. अधिकृत धर्म स्थापू नये आणि धर्मस्वातंत्र्य रोखू नये, असं सांगणाऱ्या १७९१ च्या पहिल्या घटनादुरुस्तीने हात बांधले ते काँग्रेसचे, म्हणजे संघराज्याच्या संसदेचे, राज्यांचे नव्हे. म्हणून कनेक्टिकटमध्ये १८१८ पर्यंत आणि मॅसॅच्युसेट्समध्ये १८३३ पर्यंत चर्चला सरकारी आधार राहिला. ती बंधनं राज्यांनाही लागू होतात असं सर्वोच्च न्यायालयाने धर्मस्वातंत्र्यापुरतं १९४० मध्ये आणि अधिकृत धर्माच्या मनाईबाबत १९४७ मध्ये म्हटलं. राज्याचा कागद संघराज्याच्या ढिगात पडला की उत्तर हमखास चुकतं.

याच ढिगात व्हर्जिनियाची फाइल वेगळी काढा. ख्रिस्ती धर्मशिक्षकांसाठी कर लावायचं विधेयक तिथला नेता पॅट्रिक हेन्रीने पुढे रेटलं. पुढे राष्ट्राध्यक्ष झालेल्या जेम्स मॅडिसनने १७८५ मध्ये १५ मुद्द्यांचं निवेदन लिहून त्याला विरोध केला, आणि १७८६ च्या जानेवारीत जेफरसनचा धर्मस्वातंत्र्याचा कायदा मंजूर झाला. मॅडिसनच्या मागे मोठं बळ होतं ते बाप्टिस्ट या ख्रिस्ती पंथाच्या लोकांचं. क्रांतीपूर्वी त्यांच्या प्रचारकांनी व्हर्जिनियात तुरुंग भोगला होता. चर्च आणि सरकार वेगळं ठेवायची मागणी भाविक ख्रिस्ती लोकही करत होते. ‘श्रद्धावान विरुद्ध नास्तिक’ अशी मांडणी या फाइलपुढे टिकत नाही.

उत्तर आफ्रिकेतल्या त्रिपोली या मुस्लिम सत्तेशी झालेल्या तहाचं वजन जपून करा. १७९७ मध्ये सिनेटने एकमताने मंजूर केलेल्या या तहाच्या ११ व्या कलमात अमेरिकेचं सरकार कोणत्याही अर्थाने ख्रिस्ती धर्मावर आधारलेलं नाही असं वाक्य आहे. पण अरबी प्रतीत हे कलम सापडत नाही, आणि १८०५ च्या नव्या तहात ते वाक्य नाही. सिनेटपुढे इंग्रजी मजकूर होता आणि कोणाला तो खटकला नाही, एवढं त्यावरून ठामपणे म्हणता येतं. मुस्लिम सत्तेशी धर्मावरून वैर नाही हे सांगण्याची ती भाषा होती, हेही लक्षात असू द्या.

अवतरण तपासताना सलग पाच-सहा शब्द अवतरणचिन्हांत टाकून शोधा. काही मिळालं नाही तर शब्द कमी करा, कारण त्या काळचं स्पेलिंग वेगळं असतं. सापडल्यावर आधीचा आणि नंतरचा परिच्छेद वाचाच. धर्म नसता तर हे जग सर्वांत उत्तम असतं, असं दुसरा राष्ट्राध्यक्ष जॉन ॲडम्सचं वाक्य धर्मविरोधक मिरवतात; १८१७ च्या त्या पत्रात पुढच्याच ओळींत तो म्हणतो की धर्माशिवाय हे जग नरक होईल. दुसरीकडे, आपली व्यवस्था बायबलमधल्या दहा आज्ञांवर उभी आहे असं मॅडिसनच्या तोंडी घातलेलं वाक्य त्याच्या लेखनात मिळतच नाही. एक खबरदारी: ‘फाउंडर्स ऑनलाइन’वर वॉशिंग्टन, फ्रँकलिन, ॲडम्स, जेफरसन, हॅमिल्टन, मॅडिसन आणि जॉन जे यांचीच कागदपत्रं आहेत. हेन्रीचं एखादं वाक्य तिथे मिळालं नाही म्हणून ते खोटं ठरत नाही. त्यासाठी दुसरीकडे शोधावं लागतं.

नंतर चढलेले थर बाजूला काढा. नाण्यावरचा ईश्वरविश्वासाचा मजकूर १८६४ चा, ध्वजप्रतिज्ञेतला ईश्वराचा उल्लेख १९५४ चा, आणि नाण्यावरचा तोच मजकूर राष्ट्रीय ब्रीद झाला तो १९५६ मध्ये. संस्थापकांबद्दल यातलं काहीही पुरावा होत नाही. अमेरिकेचं नागरिकत्व घेणाऱ्या मराठी मंडळींना एक थर प्रत्यक्ष भेटतो: निष्ठेच्या शपथेच्या शेवटी ईश्वराच्या साक्षीचे शब्द असतात. सद्सद्विवेकाच्या कारणावरून ते वगळून शपथेऐवजी प्रतिज्ञा घेता येते.